शबे बरातची माफी

आज शबे बरात, माफीची रात्र. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, थोडे आधी भाईजानांचा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. चंद्र, गुलाब आणि खाली हिंदीत चार ओळी: कळत-नकळत मन दुखावले असेल तर अल्लाहसाठी माफ करा. वर दुहेरी बाणाची खूण होती, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला मजकूर. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षे जे माझ्याशी धड बोलले नाहीत, त्यांना माझ्यासाठी स्वतःचे एक वाक्यही लिहावेसे वाटू नये, याचे मला इतके वाईट वाटले की नमाजात कोणती सूरह चालली आहे याकडेही लक्ष राहिले नाही.

पूर्वी आमच्या रावेरात या दिवशी अम्मी चण्याच्या डाळीच्या हलव्याचे ताट घेऊन घरोघर जात असे आणि उंबऱ्यात उभी राहून "कहा-सुना माफ करना" म्हणत असे. ज्या घराशी खरोखर बिनसलेले असे, त्याच्या पायरीवर तिचा पाय अडखळे. ते अडखळणे फोनमध्ये कुठून येणार?

अल्लाहचा हक अल्लाह माफ करील. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक ज्याचा बुडवला, त्याच्याकडूनच सोडवून घ्यावा लागतो. दीनार-दिरहम कामी येणार नाहीत असा दिवस येण्याआधी तो सोडवून घ्या, असे सहीह बुखारीतील हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, बजावते. मग कशाबद्दल, हे न सांगता मागितलेली माफी मी द्यावी तरी कशी? मागच्या वर्षी मीही असाच संदेश साऱ्या नातलगांना पाठवला होता. फुफींनी, म्हणजे आत्यांनी, उत्तर दिले नव्हते. का, ते मी विचारले नाही.

रात्रीच्या ईशाच्या नमाजानंतर थोरलीने सांगितले की 2020 पासून दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. म्हणजे भाईजानांनी माझे नाव शोधून त्यावर बोट ठेवले असणार. एकदम सगळ्यांना पाठवण्याच्या याद्या वगैरे त्यांना जमत नाहीत, साधा फोटो पाठवायलाही मुलाला हाक मारावी लागते. शब्द उसने होते, हे खरे. पण अम्मीचे "कहा-सुना" तरी तिने स्वतः कुठे रचले होते?

"माफ केले" असे दोनदा लिहून पुसले. पाण्याचे काय, ते त्यात येत नाही. आता कब्रस्तानात निघायचे आहे. फोन घरीच ठेवतो आहे. अब्बांच्या कबरीपाशी भाईजान नेहमी उशाकडे उभे राहतात आणि मी पायथ्याशी.