आमची वाटचाल : हिरव्या चटणीचा रंग राखताना

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या गणपती पेठेतलं आमचं ग्राइंडर पाण्याखाली गेलं. मोटर रिवाइंडिंगहून येईपर्यंत एका स्पर्धकाने आमच्याकडून चटणी घेणारे निम्मे गाडेवाले नेले. त्याची चटणी दोन दिवस उघडी राहिली तरी हिरवीगार. लिंबू पडलेली कोथिंबीर रंग घातल्याशिवाय अशी राहत नाही, हे आम्ही दारोदार सांगितलं. पण दर त्याचा कमी होता. तो सल अजून आहे.

स्टँडजवळचे वडेवाले मामा तेवढे टिकले. त्यांना रोज दोन किलो चटणी पाट्यावर वाटून दिली. पाट्याला आधी टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खरबरीत करून घेतली, कारण गुळगुळीत पाट्यावर पाला वाटला जात नाही, नुसता सरकतो. मामांची अट एकच: "पातळ नको, वड्याला धरली पाहिजे."

धरते ती डाळव्याने. दोन किलोला निवडलेली कोथिंबीर 1 किलो, पुदिन्याची पानं 200 ग्रॅम, गडद तिखट मिरची 200, डाळवं 150, आलं 50, लसूण 40, मीठ 40, जिरं 10, बर्फ 200 ग्रॅम आणि लिंबाचा रस 100 मिली. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नका, वास त्यांतही असतो. पुदिन्याचे मात्र सगळे काढा, चटणी कडवट होते. धुतलेला पाला कापडावर पूर्ण निथळू द्या. राहिलेल्या पाण्याने चटणी सुटते आणि लवकर आंबते.

डाळवं-जिरं आधी कोरडंच बारीक करा. मग मिरची, आलं, लसूण, मीठ. पाला शेवटी, बर्फासोबत. मिक्सर दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. भांडं हाताला कोमट लागलं की रंग गेलाच समजा. आंबटाने पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग शेवाळी पडतो. उष्णतेने हे आणखी लवकर होतं. लिंबू मिक्सरमध्ये घालायचंच नाही, स्टीलच्या पातेल्यात वरून कालवायचं.

डाळव्याची चटणी उन्हाळ्यात गाड्यावर दुपारपर्यंत आंबते, म्हणून मामांना आजही दोन डबे जातात. दुसरा बर्फात ठेवलेला असतो, आणि त्याचं लिंबू वेगळ्या बाटलीत.