वाडीच्या नावाचा माग

वाडीचं नाव कुठून आलं म्हणून विचारलं की पारावरचं कुणीतरी पांडव नाहीतर शिवाजी महाराजांचा मुक्काम काढतंच. ऐकून घ्यावं, पण वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं. बहुतेक नावं फार साधी असतात. विहिरीला पाणी लागलं, भाऊबंद गावठाण सोडून रानात राहायला गेले, की आडनावावरून वस्ती किंवा मळा. कोकणात सुतारवाडी, भंडारवाडी. बंजारा तांडा नाईकाच्या नावानं ओळखला जायचा, त्यामुळे नाईक बदलल्यावर तोच तांडा कागदांत दुसऱ्या नावानं भेटू शकतो. जुलै 2023 च्या दरडीनंतर राज्याला कळलेली खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी तर सरळ वरच्या इर्शाळगडावरून.

शोधात पहिली अडचण अशी, की वाडी हे बहुतेकदा महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेलं गाव, नसतं. सातबाऱ्यावर नाव मूळ गावाचं, जनगणनेतली डोकीही मूळ गावात मिळवलेली. म्हणून आधी मूळ गाव आणि गट नंबर पक्के करा, मग त्या गटांचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढा. नावातच 'मजरे' असेल, जसं चंदगड तालुक्यातलं मजरे कार्वे, तर ती कधीकाळी दुसऱ्या गावाला जोडलेली वस्ती होती हे धरून चाला.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं जन्मस्थळ लिहिलेलं असतं, आणि कित्येकदा वाडीचं नाव पहिल्यांदा तिथेच शाईत उतरलेलं असतं. जोडीला जुन्या मतदार याद्या पाहा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर (1 सेंमी म्हणजे जमिनीवर 500 मीटर) वाड्या सापडतात, पण नावं रोमन लिपीत. तिथून परत देवनागरीत आणताना 'मळा'चा 'माला' होतो, 'ड'चा 'द' होतो आणि मग त्या चुकीच्या रूपावर कुणीतरी व्युत्पत्ती रचतं. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाकडून उच्चार घेतल्याशिवाय नकाशावर विसंबू नका.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. शोधणाऱ्यानं मात्र दोन्ही नावं आणि बदलाची तारीख टिपून ठेवावी, कारण एकाच तालुक्यात समतानगरं अनेक होऊ शकतात.

वाडीला महसुली गाव करायचं तर शासनाची अधिसूचना लागते. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात. नंतर क्षेत्र तोडून वेगळा गावनकाशा आणि आकारबंद (प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद) होतो. गायरान कुणाकडे जाणार यावर भांडण ठरलेलं. जमिनीचा शोध घेणाऱ्यांची फसगत इथेच होते: नव्या गावाच्या नावानं तीस वर्षांचे उतारे मागितले तर मिळत नाहीत. विभाजनाआधीचे सगळे मूळ गावाच्या नावानंच मागावे लागतात.