एका सेकंदात दहा ठोके

२५ डिसेंबर १९६९ रोजी सिकोने टोकियोत ‘क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन’ हे बॅटरीवरचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा टोयोटाची कोरोला दारात उभी राहिली असती. पण महिन्याकाठी फरक पडायचा जेमतेम पाच सेकंदांचा. किल्लीच्या घड्याळांच्या दुनियेत हे आक्रीतच होतं.

जुनी घड्याळं जमवणाऱ्यांत कुणाला आजोबांच्या खिशातली साखळीवाली आवडतात, कुणाला युद्धकाळातली. माझा जीव अडकलाय तो या तारखेच्या आगेमागे बनलेल्या यांत्रिक घड्याळांत. बॅटरीचं घड्याळ दाराशी येऊन ठेपलं आणि ही मंडळी चेव चढल्यासारखी कामाला लागलेली! तेव्हाच्या साध्या घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे आत मागेपुढे झुलणारं चाक, सेकंदाला पाच ठोके द्यायचा. आपल्या एचएमटी ‘जनता’चाही हिशेब तोच. स्वित्झर्लंडच्या जिरार-पेरेगोने १९६६ मध्ये दहा ठोक्यांचं, म्हणजे तासाला ३६,००० ठोक्यांचं मनगटी घड्याळ आणलं. ठोके जितके जलद, तितकी हाताच्या हिसक्यांनी चाल कमी बिघडते. सिको कशाला मागे राहील? १९६८ मध्ये तिच्या सुवाच्या कारखान्यातून दहा ठोक्यांचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारं, ‘ग्रँड सिको’ आलं, आणि वर्षभरात त्याचं ‘व्हीएफए’ (व्हेरी फाइन अ‍ॅडजस्टेड) हे थोरलं भावंड. निष्णात कारागिरांनी एकेक जुळवलेलं, महिन्याला एका मिनिटाच्या आतबाहेर न जाणारं. आणि त्याच सुवात तेव्हा पाच सेकंदवालं अ‍ॅस्ट्रॉन आकार घेत होतं. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात. इथे वात सारणारे आणि फुंकर घालणारे एकाच घरातले.

माझ्याकडचं ‘किंग सिको’ त्याच सुमाराचं, पण सुवाचं नव्हे. ते टोकियोतल्या ‘दाइनी’चं, सिकोचाच सख्खा कारखाना, तरी सुवाशी चढाओढ ठरलेली. रोज किल्ली द्यावी लागते. डायलवर मिरवण्यासारखं काही नाही, खाली बारीक अक्षरात ‘हाय-बीट’ (जलद ठोके) एवढंच. पट्टा जिथे अडकतो तिथल्या कडा मात्र आजही करकरीत. सेकंदकाटा लांबून सरकल्यासारखा वाटतो; भिंग लावलं की त्याची बारीक थरथर दिसते. कानाशी धरलं तर टिकटिक नव्हे, नुसती चुरचुर. पाठीवरच्या क्रमांकात पहिला अंक वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. माझं ‘९८’ने सुरू होतं, म्हणजे ऑगस्ट १९६९. अ‍ॅस्ट्रॉनच्या महिन्यातलं ‘९डी’ मिळावं अशी फार इच्छा आहे. बायको विचारते, दोन्हींत फरक काय? तिला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही.

या नादात पहिला वैरी पॉलिशवाला. कडा एकदा चाकावर गेल्या की गेल्या. दुसरा वैरी नव्याने रंगवलेली डायल, आणि त्यात आपल्या मुंबईने जगभर नाव काढलंय! भडक केशरी, पोपटी, जांभळ्या डायलची जुनी सिको आणि एचएमटी इथून परदेशी जातात. तिकडचे शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या, मिनिटांच्या रेघा खुणांशी न जुळणाऱ्या, असा एकूण मामला. खरं सांगायचं तर त्या रंगाऱ्यांचा मला राग येत नाही. मोडीत निघालेलं मशीन त्यांनी कुणाच्या तरी मनगटावर परत चढवलं. ‘एकदम ओरिजनल’ म्हणून गळ्यात मारणारा मात्र डोक्यात जातो.

स्विस लोकांची कथा याहून रंगतदार. झेनिथने १० जानेवारी १९६९ ला ‘एल प्रिमेरो’ जाहीर केलं: ऑटोमॅटिक, स्टॉपवॉचसकट, तेही दहा ठोक्यांचं. पुढे कंपनी शिकागोच्या मालकांकडे गेली, आणि १९७५ मध्ये फर्मान निघालं की यांत्रिक घड्याळं बंद, हत्यारं भंगारात. ल लॉक्लच्या कारखान्यातल्या शार्ल व्हेर्मोने आधी रीतसर पत्र लिहून हरकत घेतली. तिला कुणी भीक घातली नाही, तेव्हा त्याने साचे, कॅम आणि हत्यारं गुपचूप पोटमाळ्यावर नेली, चिठ्ठ्या लावून, नोंदी ठेवून. ऐंशीच्या दशकात हेच मशीन पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा ती सगळी तिथे शाबूत होती. १९८८ पासून रोलेक्सच्या ‘डेटोना’त तेच मशीन बसू लागलं, फक्त रोलेक्सने त्याचा वेग तासाला २८,८०० ठोक्यांवर उतरवला. झीज कमी, तेल जास्त दिवस टिकतं. व्यवहार म्हणून चोख, पण मला तो हात आखडल्यासारखा वाटतो.

आमचे घड्याळवाले काका रोलेक्सच्या बाजूचे. माझं किंग सिको उघडलं की दर वेळी डोळ्याचं भिंग वर सारून विचारतात, “एवढं पळून ह्याला जायचं होतं तरी कुठं, साहेब?” आणि पुढच्या शनिवारचा वायदा देतात.