केस पेपरवरची एक ओळ

ऑक्टोबर २०२१ मधे माझ्या डाव्या हाताची तर्जनी गेली. म्हणजे दोन पेरं, बुडाचं एक राहिलंय. मी मुंबईतल्या एका सरकारी वर्कशॉपमधे फिटर आहे, पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनवर दुपारच्या शिफ्टला झालं. त्या दिवसाबद्दल जास्त लिहवत नाही, पण हॉस्पिटलला नेताना टॅक्सीत काय झालं ते मात्र लिहिणार आहे कारण पुढची तीन वर्षं मी त्या टॅक्सीतल्या पाच मिनिटांची भरपाई करत होतो.

बरोबर जो मित्र होता तो म्हणाला, डॉक्टरला सांग घरी लोखंडी दरवाज्यात बोट सापडलं, नाहीतर एमएलसी होईल, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, पोलीस येतील, साहेब अडकतील आणि उलटं तुलाच मेमो मिळेल. त्याचा हेतू वाईट नव्हता, आमच्याकडे सगळे हेच सांगतात. मी शुद्धीत नव्हतो धड, हो म्हणालो. केस पेपरवर इंग्रजीत एक ओळ आली, घरी दरवाज्यात बोट चिरडलं. ऑफिसने मेडिकल लीव्ह टाकायला लावली, ती पण टाकली. अपघाताच्या रजिस्टरमधे नोंदच नाही.

अडीच महिन्यांनी कामावर गेलो, हार्बर लोकलच्या गर्दीत तो हात छातीशी धरून. युनियनच्या एका जुन्या काकांनी बोट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, क्लेम टाकलास का रे? मला वाटायचं परमनंट सरकारी माणसाला क्लेम कसला, पगार चालूच आहे ना. काकांनी समजावलं की कामावरच्या इजेची भरपाई देणारा १९२३ चा कायदा आहे, पूर्वी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, आता एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन, आणि मालक सरकार असलं म्हणून तो सुटत नाही. ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू असेल तर तिकडून मिळतं, आम्हाला ईएसआय नाही, मग हाच रस्ता. मुदत तेव्हा अपघातापासून २ वर्षं होती.

हिशोब सांगतो कारण मला तो कुणी नीट सांगितला नव्हता. पगार त्याहून जास्त असला तरी त्या कायद्यात २०२० पासून महिन्याला १५,००० च धरायचे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाप्रमाणे एक आकडा असायचा त्याने गुणायचं, माझं वय तेव्हा ४० होतं, ४० ला १८४.१७. झाले १६,५७,५३०. मग त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठल्या अवयवाला किती टक्के ते छापलेलं होतं, तर्जनीची दोन पेरं गेली की ११ टक्के, पूर्ण बोट असतं तर १४, अंगठा ३०. माझे आले १,८२,३२८ रुपये. एका महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकत होता.

मी लेखी नोटीस दिली, काकांनी बजावलं होतं की इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं, अपघात घरी झालेला आहे, केस पेपर पहा. शिवाय मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं कव्हर, तूच काढला होतास. हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही. कारण कामगाराने मुद्दाम गार्ड काढला असेल तर मालक सुटू शकतो (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर नाही, पण माझं ते नव्हतं).

मग लेबर कोर्ट, मुंबईत हे दावे तिथेच चालायचे. मस्टरवर त्या दिवशीची माझी हजेरी होती, शिफ्ट सुटायच्या आधी बाहेर पडल्याचा गेटपास होता. आणि मेंटेनन्सच्या लॉगबुकमधे गार्ड तुटल्याची नोंद होती, अपघाताच्या चार महिने आधीची, दुरुस्ती झालीच नव्हती. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टॅक्सीतला तो मित्र साक्षीला आला आणि उभा राहून म्हणाला की दरवाज्याचं मीच सांगायला लावलं. त्याला अजून नोकरीची पंधरा वर्षं आहेत, तरी आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पैसे व्याजासकट मिळाले. रजेचं मात्र अडकलंय. राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, ड्युटीवर इजा झाली तर २४ महिन्यांपर्यंत मिळू शकते, पण त्याला लगेच कळवलेलं लागतं आणि मी तर मेडिकल लीव्ह टाकून बसलेलो. अर्ज दिलाय, फाईल फिरतेय.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, त्यात घरून कामावर जातायेताना झालेला अपघात पण कामाशी संबंध दिसला तर धरला जातो. लोकलने येणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे खूप मोठं आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका नवीन पोराच्या पायावर जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा लोखंडी तुकडा, पडला. मी हॉस्पिटलला त्याच्याबरोबर गेलो, डॉक्टर लिहीत होते तेव्हा बाजूला उभा राहिलो आणि ती ओळ दोनदा वाचून घेतली. वर्कशॉपमधे, ड्युटीवर, दुपारी सव्वातीन.