नहेम्याच्या वाटेने पहाटे चालताना

यरुशलेमची आमची ट्रिप तशी सगळी बसनेच झाली पण एक वाट पायीच करायची हे मी नगरहून निघतानाच ठरवलेलं, बायबलमधला नहेम्या, ज्याने यरुशलेमचा पडलेला तट परत उभा केला, तो रात्री ज्या बाजूने फिरला ती. पहाटे चारला जाफा गेटपाशी आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही चौदा जण जमलो, काकूंनी तर पिशवीत झांज पण घेतलेली, पाळकसाहेब म्हणाले चला, आपली वारी सुरू.

आत्ताचा तट नहेम्याचा नाही बरं का, तो सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात बांधलेला. त्याच्या काळचं शहर दक्षिणेला खाली उतारावर होतं. तटाच्या कडेकडेने उकिरडा वेशीपर्यंत आलो आणि तिथून उतार लागला, पायऱ्या गुळगुळीत झालेल्या, काकू माझा खांदा धरून एकेक पायरी उतरत होत्या.

बाबेलच्या फौजेने शहर जाळलं इ.स.पू. 586 ला, मंदिर परत उभं राहिलं 516 ला, तरी इ.स.पू. 445 मधे वेशी जळलेल्या आणि तट पडलेलाच. शूशनला पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा, असलेल्या नहेम्याला हे भावाकडून कळलं तर तो खाली बसून रडला, उपास केला, जवळजवळ चार महिने नुसती प्रार्थना. राजाने विचारलं तुला काय पाहिजे, तर उत्तर देण्याआधी तिथल्या तिथे परत देवाला हाक! आणि इथे आल्यावर भाषण नाही, तिसऱ्या दिवसानंतर रात्री मोजकी माणसं घेऊन आधी पडझड बघायला निघाला, दगडांच्या ढिगात जनावराला पुढे जायला वाट मिळेना इतकी.

हे सांगताना माझा आवाजच बसला. आमच्या गावची मंडळी दुष्काळात पांगली, कोण पुण्याला, कोण चाकणला. मी मंडळीचा पंच, मी मीटिंगा घेतल्या, वर्गणीची यादी केली, प्रार्थना शेवटी दोन मिनिटात उरकली, आणि पांगलेल्यांपैकी एकाच्याही दारात गेलो नाही.

तट 52 दिवसात झाला तो बऱ्याच जणांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा उचलला म्हणून, शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या तर मुलीही कामाला होत्या. पण मला जास्त भिडतं ते पुढचं, गरिबांची शेतं गहाण पडली, पोरं गुलामीत गेली तेव्हा नहेम्या सावकारांवर भडकला, सगळं परत करायला लावलं आणि स्वतः तिथला सुभेदार असून 12 वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. अशा माणसाचं लोक ऐकणारच ना.

शेवटी तट पुरा झाल्यावर त्याच्यावरून दोन दिंड्याच निघाल्या की, गात गात एक इकडून एक तिकडून, आणि मंदिरात भेटल्या.

शिलोहाच्या तळ्याजवळ उजाडलं. काकूंनी झांज काढली, एक भजन म्हटलं, मग पांगलेल्या एकेका घराचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि मी ती नावं वहीत उतरवत गेलो, एकोणतीस घरं झाली. या शनिवारी चाकणपासून सुरुवात करतोय, काकू पण येतायत.