'डेड सोल्स' वाचताना माझी गाडी कुठे अडली

रशियन लेखक गोगोलची 'डेड सोल्स' ही कादंबरी वाचून झाली एकदाची, पण माझ्या प्रतीतल्या प्रस्तावनेवरचा राग काही जात नाही. गोगोलचं बालपण, तब्येत, रोममधला मुक्काम, सगळं तिच्यात आहे. कादंबरीचा नायक चिचिकोव्ह मेलेली माणसं विकत कशाला घेत सुटलाय, तेवढं सोडून!

गोगोल स्वतःही ते शेवटच्या, अकराव्या प्रकरणापर्यंत नीट सांगत नाही. तेव्हाच्या रशियन वाचकाचं त्यावाचून अडत नसणार. राजारामपुरीत बसून मला कसं कळावं? कोरोबोच्का नावाची जमीनदारीण चिचिकोव्हला विचारते, जमिनीतून उकरून काढणार की काय? मलाही नेमकं तेच विचारायचं होतं. तिथंच पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उशाशी पडून राहिलं.

सुटका केली शेजारच्या काकांनी. तलाठी म्हणून रिटायर झालेत. म्हणाले, "त्यात काय एवढं? मयताचं नाव कमी केलं नाही की कागदावर माणूस जित्ता. आपल्या सातबाऱ्यावर आजे-पणजे बसलेत की अजून!"

मग धागा लागला. रशियात तेव्हा भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेले शेतकरी, जमीनदाराच्या मालकीचे. त्यांच्यातल्या पुरुषांची शिरगणती व्हायची आणि डोईपट्टी जमीनदाराच्या बोकांडी. दोन गणत्यांमध्ये कैक वर्षं जायची. मधे कुणी मेला तरी पुढच्या गणतीपर्यंत यादीत तो जिवंत आणि पट्टी चालूच. जमीनदाराला ही ब्याद नकोच असते. चिचिकोव्ह ती स्वस्तात उचलतो. खेरसोन प्रांतात जमीन फुकट मिळत होती, तिथं हे लोक कागदोपत्री वसवायचे आणि सरकारी मंडळाकडे गहाण टाकून डोई २०० रुबलपर्यंत कर्ज काढायचं, हा त्याचा बेत.

एवढं माहीत करून घ्या आणि मग सोबाकेविच नावाच्या जमीनदाराकडे जा. हा पठ्ठ्या मेलेल्या गवंड्याचं, चांभाराचं कसब रंगवून रंगवून सांगतो, डोई १०० रुबल मागतो आणि घासाघीस करत अडीचवर येतो. मी एकटीच खो-खो हसत होते.

हो, नावांचं राहिलंच. चिचिकोव्हला पावेल इव्हानोविच म्हणतात, म्हणजे इव्हानचा मुलगा पावेल, आपल्यासारखंच मधे वडिलांचं नाव. पहिल्या पानावर पेन्सिलीनं यादी करून ठेवा (प्रत स्वतःची असेल तर). हुद्देही बघून घ्या: पीटर बादशहानं १७२२ मध्ये नोकरशाहीच्या १४ पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. कोण कुणापुढे किती वाकतो, ते त्यावरून कळतं.

सातव्या प्रकरणातल्या कचेरीला मात्र कसलीच टीप लागत नाही. चिचिकोव्ह नोट समोर ठेवतो, कारकुनाला ती अजिबात दिसत नाही आणि लगेच तो तिच्यावर पुस्तक ठेवतो. काकांना वाचून दाखवलं तर ते नुसते चहा ढवळत बसले.

आणि पहिला, १८४२ चा भाग झाला की थांबा. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित गोगोलनं १८५२ मध्ये जाळलं; त्याचे उरलेले तुकडे छापतात, ते वाक्याच्या अधेमधेच तुटतात.