खिशातला कागद

ऑस्करचा सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो आणि त्या वेळी डोळ्यांवर अर्धी झोप असल्यामुळे माझे लक्ष मोठ्या गोष्टींवर टिकत नाही. लाल गालिच्यावर कोण काय नेसून आले, सूत्रसंचालकाचा कोणता विनोद फसला, हे सारे समोरून नुसते वाहत जाते. मी वाट पाहत असतो ती दोन कागदांची. एक लिफाफ्यातला आणि दुसरा खिशातला.

लिफाफ्यातल्या कागदाची आरंभी गरजच नव्हती. १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिला समारंभ झाला, तेव्हा निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेला होता आणि बक्षीसवाटप पंधरा मिनिटांत उरकले. पुढे वर्तमानपत्रांना नावे अगोदर कळवण्याची रीत पडली. पण १९४० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला धीर धरवला नाही आणि पाहुणे सभागृहात शिरण्यापूर्वीच निकाल वाचून मोकळे झाले. १९४१पासून मोहोरबंद लिफाफे आले ते त्यामुळे. एवढ्या बंदोबस्तातही २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव जाहीर करायला आलेले अभिनेते वॉरन बेटी यांच्या हाती भलताच लिफाफा पडला. आतल्या कागदावर अभिनेत्रीचे आणि तिच्या ‘ला ला लँड’ या चित्रपटाचे नाव ठसठशीत होते आणि पुरस्कार कशाचा, हे मात्र तळाशी बारीक अक्षरांत. ते कागदाकडे पाहतात, लिफाफ्यात आणखी काही आहे का ते चाचपतात, पुन्हा पाहतात. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या अभिनेत्री फे डनवे ‘ला ला लँड’ वाचून टाकतात आणि आभाराची भाषणे सुरू झाल्यावर पुरस्कार ‘मूनलाइट’चा असल्याचे उघड होते. त्या रात्रीचे हे एवढेच दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, कारण तालमीत न बसवलेला तो एकच प्रसंग होता.

खरी गंमत मात्र खिशातल्या कागदाची. विजेता मंचावर येतो, ‘मला मुळीच अपेक्षा नव्हती’ असे म्हणतो आणि आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतो. (अपेक्षा नसताना घड्या इतक्या नीट कशा, हा प्रश्न पहाटे विचारू नये.) ध्वनी, रंगभूषा, संकलन अशा विभागांतल्या माणसांची मला फार काळजी वाटते. पंचेचाळीस सेकंदांची मुदत, कागद थरथरणारा, चष्मा बहुधा खुर्चीवर राहिलेला; आणि मुलांची नावे येईपर्यंत वाद्यवृंद सुरू झालेला असतो. नामवंतांना हा जाच कमी. १९४३ साली अभिनेत्री ग्रिअर गार्सन सुमारे साडेपाच मिनिटे बोलल्या. २०२५ साली अभिनेते एड्रियन ब्रॉडी यांनी त्यांनाही मागे टाकले आणि वाजू लागलेले संगीत स्वतःच थांबवायला लावले. ध्वनिमुद्रकाला हे धाडस कोण करू देईल?

याउलट कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर हा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या अगदी थोडक्यात बोलून उतरल्या. पुढे २०१२ साली, नीट जपली जावी म्हणून, ती पुरस्काराची बाहुली त्यांनी ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच परत सोपवली. भाषणही आटोपशीर आणि मालकीही. मला हे त्यांच्या कामाशी सुसंगत वाटते; कापड वायफळ खर्च न करण्याची सवय असणार.

पण नाव पुकारले जाण्याआधी पडद्यावर पाच चौकटी दिसतात आणि त्यांतल्या चौघांच्या खिशांतही कागद असणारच. तेही रात्री जागून लिहिलेले, आईचे नाव आधी घ्यावे की दिग्दर्शकाचे यावर खाडाखोड केलेले. नाव दुसऱ्याचेच निघते, चौघे हसून टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या थांबता थांबता त्यांतल्या एकाचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे जातो. एवढ्यात कॅमेरा मंचाकडे वळतो.